सात लक्षांतील एक लक्ष

आदित्यराणूबाईची कहाणी आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं लहानपणीं ऐकली असेल. तींतील राणीला कहाणी सांगावयाची असते, पण ऐकावयाला माणूस सांपडत नाहीं. म्हणून उपाशी कोण आहे याचा ती शोध करविते. कधीं मोळीविक्या भेटतो, कधीं माळी, कधीं एखादी दुःखी म्हातारी. राणीजवळ सहा मोती असतात. त्यांतले तीन ती श्रोत्याच्या हातांत देते, तीन आपण घेते, आणि मगच कहाणीला आरंभ करते. बालपणीं आमचें सगळें ध्यान पुढच्या चमत्काराकडे असे: मोळी सोन्याची कशी झाली, कोरड्या विहिरीला पाणी कसें लागलें. आतां त्या कहाणीची आठवण झाली म्हणजे मोत्यांची ती वाटणीच डोळ्यांपुढें उभी राहते. सांगणाराला तीन, ऐकणाराला तीन.

मनुष्याच्या आयुष्यांत कथेचें प्रयोजन काय, असें विचारलें असतां बहुधा उत्तर मिळतें कीं, कथेनें करमणूक होते आणि बोधही होतो. हें उत्तर खोटें नव्हे. परंतु त्यांत सांगणाराच्याच तीन मोत्यांचा हिशेब आहे. करमणूक करणारा तोच, बोध करणाराही तोच. ऐकणाराच्या वांट्याला नुसतें मांडी घालून बसणें. आमच्या मतें कथा जगते किंवा मरते ती पुष्कळ अंशीं ऐकणाराच्या हातून. या मताच्या पुष्ट्यर्थ आम्ही येथें एकाच ग्रंथाची हकीकत सांगणार आहों. तो ग्रंथ आज जगांत कोठेंही नाहीं, आणि त्याची संतति मात्र सर्वत्र आहे. तो ग्रंथ म्हणजे गुणाढ्याची बृहत्कथा. आणि परंपरा सांगते त्याप्रमाणें त्याचा संबंध आमच्या पैठणाशीं आहे.

कथासरित्सागराच्या 'कथापीठ' नामक पहिल्या लंबकांत ही हकीकत आली आहे. पूर्वीं कोणींही ऐकलेली नाहीं अशी कथा सांगा, असा पार्वतीनें शंकराजवळ हट्ट धरला. नंदीला दाराशीं बसवून शंकरानें सात विद्याधरांची अपूर्व कथा तिला सांगितली. पुष्पदंत नांवाचा गण योगबळानें आंत शिरला आणि ती ऐकून गेला. ऐकलेली कथा त्याच्या पोटांत राहीना. त्यानें ती आपल्या बायकोला, जयेला, सांगितली. आणि जयेनें ती अगदीं नवी गोष्ट म्हणून खुद्द पार्वतीलाच ऐकविली! देवी संतापली. तिनें पुष्पदंताला मर्त्यलोकीं जन्म घेण्याचा शाप दिला, व त्याच्यासाठीं रदबदली करणाऱ्या माल्यवानालाही तोच दिला. उःशाप असा कीं, पुष्पदंतानें विंध्यारण्यांतील काणभूति नांवाच्या पिशाचाला ही कथा सांगितली म्हणजे तो सुटेल. काणभूतीनें ती माल्यवानाला सांगितली म्हणजे काणभूति सुटेल. आणि माल्यवानानें ती जगांत प्रसिद्ध केली म्हणजे माल्यवान सुटेल. चोरून ऐकणें हा अपराध आणि दुसऱ्याला सांगणें हें त्याचें प्रायश्चित्त! तिघांचीही मुक्ति पुढच्या श्रोत्याच्या कानांत अडकलेली आहे.

हा माल्यवान प्रतिष्ठान देशीं गुणाढ्य म्हणून जन्मला व विद्या संपादून राजा सातवाहनाचा मंत्री झाला. एके दिवशीं राजा आपल्या राण्यांसह जलक्रीडा करीत असतां एक राणी थकली आणि संस्कृतांत म्हणाली कीं, मला पाण्यानें मारूं नका. 'मा' आणि 'उदकैः' हीं दोन पदें संधीनें 'मोदकैः' अशीं झालीं, आणि संस्कृत न जाणणाऱ्या राजानें तत्काळ मोदकांचीं ताटें मागविलीं. राणी हंसली. राजानें अंथरूण धरलें. व्याकरण तरी येईन किंवा प्राण तरी जाईल, असा त्यानें निश्चय केला. सहा वर्षांत शिकवितों, असें गुणाढ्य म्हणाला. शर्ववर्मा नांवाचा दुसरा मंत्री म्हणाला, सहा महिन्यांत शिकवितों. हें अशक्य मानून गुणाढ्यानें पैज मारली कीं, तसें झाल्यास संस्कृत, प्राकृत व देशभाषा या तिन्ही भाषांचा मी त्याग करीन. शर्ववर्म्यानें कार्तिकेयाच्या प्रसादानें कातंत्र व्याकरण मिळवून पैज जिंकली, आणि गुणाढ्य मुका होऊन विंध्यारण्यांत चालता झाला.

तेथें त्यानें चौथी भाषा, पैशाची, आत्मसात केली आणि काणभूतीच्या मुखांतून ती महाकथा ऐकली. सात वर्षें तो ती लिहीत होता. अरण्यांत शाई कोठली? त्यानें स्वतःच्या रक्तानें सात लक्ष श्लोक लिहिले. नंतर गुणदेव आणि नंदिदेव या दोन शिष्यांबरोबर त्यानें ग्रंथ राजाकडे धाडला. राजा आतां व्याकरण शिकला होता. त्यानें ग्रंथाकडे पाहून नाक मुरडलें: भाषा पिशाचांची, अक्षरें रक्ताचीं, आणि विस्तार सात लक्षांचा! यांतील एकही आक्षेप कथेविषयीं नाहीं, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें. राजानें कथा वाचून ती नाकारली असती तर तो त्याचा अधिकार होता. त्यानें ती ऐकलीच नाहीं.

गुणाढ्यानें मग एका टेकडीवर अग्निकुंड पेटविलें. एक एक पान तो मोठ्यानें वाची आणि आगींत टाकी. अरण्यांतील हरणें, डुकरें, रेडे चारापाणी सोडून त्याच्याभोंवतीं कडें करून उभीं राहिलीं. त्यांच्या डोळ्यांतून आंसवें वाहूं लागलीं. इकडे राजा आजारी पडला. वैद्यांनीं निदान केलें कीं, सुकलेलें मांस खाण्यांत आल्यानें हा रोग झाला. मुदपाकवाल्यांनीं पारध्यांवर ठपका ठेवला, पारध्यांनीं अरण्यांतला प्रकार सांगितला, आणि राजा धांवत आला. तोंपर्यंत सहा लक्ष श्लोकांची राख झाली होती. शिष्यांना विशेष आवडत असे म्हणून नरवाहनदत्ताच्या चरित्राचा एक लक्ष तेवढा गुणाढ्यानें मागें ठेवला होता. राजाला कथेची उणीव भासली ती प्रथम ताटांतील मांसाला कस नाहीं म्हणून. आणि जो भाग वांचला तो राजाज्ञेनें नव्हे, दोन शिष्यांच्या आवडीमुळें.

येथवर आख्यायिका झाली. इतिहासाच्या कसोटीस ती कितपत उतरते? सातवाहन राजांचे नाणेघाट व नाशिक येथील लेख प्राकृतांत आहेत. हालाच्या नांवावर असलेली गाथासप्तशती हाही माहाराष्ट्री प्राकृताचाच संग्रह होय. ज्या घराण्याचा व्यवहार प्राकृतांत चाले, त्यांतील राजाला संस्कृत येत नसल्याची एवढी लाज वाटावी, हें संभवनीय दिसत नाहीं. हा भाग संस्कृताला राजदरबारीं प्रतिष्ठा मिळाल्यानंतर कोणी तरी जोडला असावा, असें आम्हांस वाटतें. शिवाय नेपाळमाहात्म्यांत गुणाढ्याचा जन्म मथुरेस व त्याचा आश्रय उज्जयिनीस सांगितला आहे. तेव्हां पैठणकरांचा अभिमान थोडा आवरता घेतलेला बरा. पैशाची भाषेचीं तर व्याकरणकारांनीं नोंदलेलीं कांहीं रूपें व नियम एवढेंच काय तें उरलें आहे. ती कोठें बोलली जात असे याविषयीं ग्रिअर्सन यांनीं वायव्येकडे बोट दाखविलें, तर स्टेन कोनो यांनीं विंध्याकडे.

असें असलें तरी ग्रंथ होता यांत शंका नाहीं. दंडीला तो ठाऊक होता, सुबंधूला व बाणाला ठाऊक होता. नवव्या शतकांतील कंबोडियाच्या एका संस्कृत शिलालेखांतही गुणाढ्याचें नांव आलें आहे. ग्रंथाच्या पोटांतील उदयनाची कथा तर लोकांच्या तोंडीं किती रुळलेली होती हें कालिदासानेंच सांगून ठेवलें आहे: मेघदूतांतील यक्ष मेघाला अवंतीच्या वाटेनें जावयास सांगतो, तेव्हां तेथील गांवोगांवचे म्हातारे उदयनाच्या गोष्टी सांगण्यांत वाकबगार आहेत, ही खूण तो आवर्जून देतो. एखाद्या प्रदेशाची ओळख नदीनें, डोंगराने किंवा देवळानें पटवावी. कालिदासानें ती गोष्टी सांगणाऱ्या म्हाताऱ्यांनीं पटविली.

मूळ ग्रंथ नष्ट झाला, पण तो ज्यांनीं ऐकला त्यांनीं तो आपआपल्या लोकांसाठीं पुन्हा सांगितला. बुधस्वामीचा बृहत्कथाश्लोकसंग्रह त्यांतला एक. त्याचें हस्तलिखित एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हरप्रसाद शास्त्री यांना नेपाळांत सांपडलें, आणि फ्रेंच पंडित लाकोत यांनीं १९०८ मध्यें त्याच्या आधारें बृहत्कथेविषयीं मोठा प्रबंध लिहिला. संघदासगणि या जैन मुनीनें हीच कथा 'वसुदेवहिंडी' या नांवानें माहाराष्ट्री प्राकृतांत सांगितली. त्यानें नायक बदलून नरवाहनदत्ताच्या जागीं कृष्णाचा पिता वसुदेव आणला, कारण त्याच्या श्रोत्यांना जवळचा तो होता. हा ग्रंथ बृहत्कथेच्या वंशांतला आहे हें जर्मन पंडित आल्सडॉर्फ यांनीं विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत दाखवून दिलें. तमिळांत कोंगुवेळिर याचें 'पेरुंकदै' आहे. त्या नांवाचा अर्थही 'मोठी कथा' असाच. काश्मीरांत अकराव्या शतकांत क्षेमेंद्रानें बृहत्कथामंजरी रचली, आणि थोड्याच वर्षांनीं सोमदेवानें कथासरित्सागर. सोमदेवाच्या ग्रंथांत अठरा लंबक, एकशें चोवीस तरंग आणि एकवीस हजारांवर श्लोक आहेत. आमच्या कहाण्यांच्या शेवटीं साठांचीं पांच होतात, तशीच ही गत: सात लक्षांचा एक लक्ष, आणि त्याचे एकवीस हजार. ऐकणाराच्या ओंजळींत मावेल तेवढेंच पुढें जातें.

आतां सोमदेव कोणासाठीं लिहीत होता तें पाहूं. ग्रंथाच्या शेवटीं त्यानें स्वतःच सांगितलें आहे कीं, शिवपूजा, दानधर्म व शास्त्रश्रवण यांत निमग्न असणाऱ्या राणी सूर्यमतीच्या मनाला क्षणभर विनोद व्हावा म्हणून हा संग्रह केला. सूर्यमती ही जालंधरची राजकन्या, काश्मीरचा राजा अनंत याची पट्टराणी. नवरा मनानें दुबळा व उधळा. राज्याची घडी या बाईनें बसविली. पुत्र कलश याच्यावर तिची माया फार. तिच्याच आग्रहावरून अनंतानें १०६३ मध्यें कलशाला राज्याभिषेक केला. पुढें पुत्र दुर्वर्तनी निघाला, पितापुत्रांचें वैर माजलें, आणि १०७९ मध्यें वृद्ध राजाराणी राजधानी सोडून विजयेश्वर क्षेत्रीं जाऊन राहिलीं. पुत्रानें त्या क्षेत्रालाही आग लावविली. आईबापांचें होतें नव्हतें तें जळून गेलें. १०८१ मध्यें पतिपत्नींत याच पुत्रावरून कडाक्याचें भांडण झालें. अनंतानें आत्मघात केला, आणि सूर्यमतीनें सहगमन केलें. कल्हणानें राजतरंगिणीच्या सातव्या तरंगांत हें सर्व लिहून ठेवलें आहे; तें वाचतांना अंगावर कांटा उभा राहतो.

कथासरित्सागराची रचना १०६३ ते १०८१ या अठरा वर्षांतली मानतात. म्हणजे ज्या घरांत हा वणवा धुमसत होता त्याच घरांत हा ग्रंथ वाचला जात होता. आणि ग्रंथाचा विषय काय? वत्सराज उदयन आणि वासवदत्ता यांना पुत्र नाहीं. तीं शिवाची आराधना करतात, आणि शिवप्रसादानें त्यांना नरवाहनदत्त होतो. हा मुलगा पुढें विद्याधरांचा चक्रवर्ती होतो, व त्याच्या पराक्रमांभोंवतीं सगळ्या कथा गुंफलेल्या आहेत. शिवभक्त आई, आणि तिनें ऐकावयाची ती नवसानें झालेल्या गुणी पुत्राची कथा! सोमदेवाला यांतली विसंगति दिसत नव्हती, असें मानणें कठीण आहे. कथा त्यानें निवडलेली नव्हती. ती परंपरेनें आली होती. परंतु तींत त्यानें कृतघ्न मुलगे, बायकोच्या मुठींतले राजे, खोटे साधु, शहाण्या दासी, फसलेले वाणी असे सगळे तऱ्हेतऱ्हेचे लोक जागच्या जागीं ठेवले. राणीचें मन दुखेल म्हणून जग गोड करून दाखविलें नाहीं.

येथें वाचक विचारतील, मग या कथेचा उपयोग तो काय झाला? एकवीस हजार श्लोक ऐकूनही राणीच्या घराची राख टळली नाहीं, पुत्र सुधारला नाहीं, नवरा वांचला नाहीं. हा प्रश्न रास्त आहे, आणि कथेच्या स्तुतिपाठकांनीं तो टाळूं नये. पंचतंत्रांतल्या विष्णुशर्म्यानें सहा महिन्यांत राजपुत्र शहाणे करण्याची हमी दिली; तशी हमी इतिहास देत नाहीं. पंचतंत्राच्या कथाही कथासरित्सागरांत आहेतच, आणि ज्या दरबारांत त्या वाचल्या गेल्या त्याच दरबारांतला राजा कलश. शहाणपण कानांवाटे आंत जातें, पण हातांपर्यंत पोंचतेंच असें नाहीं.

आमचें उत्तर असें. मनुष्याचें दुःख त्याला एकट्याला गांठतें, आणि आपल्यासारखें दुःख जगांत दुसऱ्या कोणाला झालेंच नाहीं असें त्याला वाटूं लागतें. कथा तें दुःख दूर करीत नाहीं. ती त्याला शेजार देते. निपुत्रिक वासवदत्ता, शापित पुष्पदंत, पैज हरून मुका झालेला गुणाढ्य हे सूर्यमतीचे शेजारी झाले. या शेजारानें तिचा शेवट बदलला नाहीं, पण मधल्या संध्याकाळी सुसह्य केल्या असतील. आणि दुसरें: ती ऐकत होती म्हणूनच तो सांगत होता. व्याकरण शिकून शहाण्या झालेल्या राजानें न ऐकतां सहा लक्ष श्लोक घालविले. सर्वस्व जाऊं घातलेल्या राणीनें ऐकून एकवीस हजार राखले. विजयेश्वरांतली तिची संपत्ति भस्म झाली. तिच्यासाठीं सांगितलेल्या गोष्टी नऊशें वर्षें टिकल्या आहेत. १८८९ मध्यें पंडित दुर्गाप्रसाद व परब यांनीं संपादिलेला कथासरित्सागर मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांत छापला गेला, आणि राणीच्या कानांसाठीं रचलेली कथा कोणाही विद्यार्थ्याच्या हातीं आली.

कथासरित्सागरांतच वेताळाच्या पंचवीस कथा आहेत, आणि त्यांतील राजा त्रिविक्रमसेन हाही गोदातीरीच्या प्रतिष्ठानचाच. या कथांची अट मोठी मार्मिक आहे. राजानें प्रेत खांद्यावर घेऊन मुकाट्यानें चालावें. पण कथेच्या शेवटीं वेताळ जो प्रश्न विचारील त्याचें उत्तर ठाऊक असून राजा बोलला नाहीं, तर त्याच्या मस्तकाचीं शकलें होतील. बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर! ऐकणाराला यांत सुटका नाहीं. त्याला मनांतल्या मनांत न्याय करावाच लागतो, आणि त्याची किंमतही द्यावी लागते. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची वेताळपंचविशी १८३० मध्यें छापून निघाली, तेव्हांपासून मराठी मुलें हें ओझें हौसेनें खांद्यावर घेत आलीं आहेत. त्याच्याही आधीं सरफोजी राजांच्या तंजावरास १८०६ मध्यें इसापाच्या गोष्टी, आणि श्रीरामपुरास १८१४ मध्यें सिंहासनबत्तिशी मराठींत छापल्या गेल्या होत्या. मराठी भाषेला छापखाना मिळाला, तेव्हां तिनें आरंभींच मागितल्या त्या गोष्टी.

पैठणाचें नांव निघालें आहे तर आणखी एका प्रसंगाची आठवण देणें प्राप्त आहे. तेराव्या शतकांत चक्रधरस्वामी त्याच पैठणांत राहिले व वावरले. ते विद्वान असूनही लोकांशीं लोकांच्या बोलींत बोलत, आणि सांगावयाचें तें घरगुती दृष्टांतांनीं सांगत. केशिराजबासांनीं त्यांतले एकशें चौदा दृष्टांत 'दृष्टांतपाठ' या ग्रंथांत एकत्र केले. म्हाइंभटांनीं तर स्वामींच्या लीला ज्यांनीं ज्यांनीं पाहिल्या त्यांना गांठून, विचारून, लीळाचरित्र सिद्ध केलें. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ ऐकलेल्या गोष्टींचाच बनलेला आहे. केशिराजबास संस्कृताचे पंडित; संस्कृतांत लिहिण्याकडे त्यांचा ओढा. नागदेवाचार्यांनीं त्यांना अडविलें. तसें केल्यास माझ्या म्हाताऱ्या बायका लुबाडल्या जातील, अशा अर्थाचे त्यांचे शब्द परंपरेनें जपून ठेवले आहेत. सातवाहनाच्या आख्यायिकेंत भाषा हलकी म्हणून कथा नाकारली गेली. येथें त्याच गोदाकांठीं उगवलेल्या पंथांत श्रोत्यांची भाषा म्हणूनच ती स्वीकारली गेली. नागदेवाचार्यांनीं आधीं ऐकणाराकडे पाहिलें आणि मग भाषा ठरविली. आमच्या भाषेचें भाग्य त्या एका निर्णयांत आहे.

ग्रंथ जळण्याला दर वेळीं अग्निकुंडच लागतें असें नाहीं. आमच्या घराघरांत अजून एखादी वृद्ध आजी, मावशी किंवा आत्या असते. श्रावणांतल्या कहाण्या तिला मुखोद्गत असतात; शिवाय घराण्यांतल्या कर्जाची, प्लेगाच्या सालीं गांवाबाहेर झोंपड्यांत काढलेल्या दिवसांची, सासरीं नांदूं न दिलेल्या मुलीची, न छापलेली हकीकत तिनें आपल्या आईच्या तोंडून ऐकून पोटांत ठेवलेली असते. ती बोलूं लागली कीं आम्ही सुशिक्षित लोक काय करतों? भाषा गांवढळ, तेंच तें पुन्हा पुन्हा, आणि विस्तार फार! सातवाहनाचेच तीन आक्षेप आम्ही जसेच्या तसे घेतों, आणि उठून आपल्या कामाला लागतों. एक दिवस ती जाते, आणि तिच्याबरोबर किती लक्ष श्लोक गेले याची मोजदाद करावयालाही कोणी उरत नाहीं.

गुणाढ्याच्या दोन शिष्यांनीं फार मोठें असें कांहीं केलें नव्हतें. त्यांना एक गोष्ट आवडली होती, आणि ती आवडते असें त्यांनीं गुरूला कळूं दिलें होतें, एवढेंच. तेवढ्यानें एक लक्ष वांचला. आमच्या वाचकांपैकीं कोणी आज रात्रीं दिवा लागल्यावर घरांतल्या वडील बाईजवळ जाऊन बसेल, आणि मागची ती गोष्ट पुन्हा सांग, असें म्हणेल, तर मोत्यांची वाटणी बरोबर झाली असें आम्ही समजूं.